दारूखान्याचे ऊन

मुंबई बंदर प्राधिकरणाचे मेहेरबान अध्यक्षसाहेब यांचे सेवेशी,

मुक्काम रे रोड, फाल्गुन अखेर



लाकडी बंदरावरील इमारती लाकडाच्या एका वखारीत ३७ वर्षे हजेरीची वही लिहून गेल्या दिवाळीत घरी बसलेला मी एक कारकून आहे. आपल्या दफ्तरात माझे नाव आढळणार नाही, कारण मी आपला नोकर कधीच नव्हतो. आणि ज्यांच्यासाठी ही तसदी देत आहे तेही आपले नोकर नाहीत. ते आपल्या भाडेकरूच्या कंत्राटदाराच्या मुकादमाचे मजूर आहेत, आणि षष्ठीच्या या तीन पायऱ्या चढून त्यांची हाक आपल्या दालनाशी पोचेपर्यंत तिच्यात काही आवाज उरत नाही. तथापि १८७३ साली स्थापन झालेल्या पोर्ट ट्रस्टचे २०२१ च्या कायद्याने प्राधिकरण झाले, तरी या किनाऱ्यावरची जमीन होती तशीच आपली राहिली. आणि ज्याच्या अंगणात माणूस कोसळतो त्याला आधी विचारावे अशी आपल्याकडची जुनी वहिवाट असल्यामुळे हा अर्ज अबकारी खात्याकडे किंवा महापालिकेकडे न धाडता आपल्याकडे, आणि तोही चारचौघांच्या देखत, करीत आहे.

आमच्या वस्तीचे नाव दारूखाना. फारसी भाषेत ‘दारू’ म्हणजे औषध. मराठी दफ्तरांत शिरल्यावर ती तोफेच्या पोटात गेली आणि दारूगोळ्याची झाली. बाटलीत उतरल्यावर मात्र तिने आधीच्या दोन्ही अर्थांना लोकांच्या जिभेवरून हुसकावून लावले. आमच्या नावातली दारू मधली, म्हणजे तोफेची, हे बाहेरगावच्या पाहुण्याला समजावून सांगण्यात माझी उमर गेली, आणि तो ऐकून घेऊनही हसतच राही. त्या हसण्यामुळे कोणाचे काही बिघडत नाही असा माझा समज होता, तो गेल्या वैशाखात नाहीसा झाला.

दुपारी एकच्या सुमारास स्थानकाबाहेर, बंदराकडे वळणाऱ्या रस्त्याच्या कडेला, लोखंडी पट्ट्यांनी भरलेली हातगाडी उभी होती आणि तिच्या चाकाशी तिशीतला एक गडी बसता बसता आडवा झाला. तत्पूर्वी त्याने चार पावले वेडीवाकडी टाकली होती आणि जोडीदाराला जड जिभेने काहीतरी असंबद्ध सांगितले होते. चहाच्या टपरीवर आम्ही पाचसहाजण होतो. “टाकून आलाय,” एकाने निदान केले. “आणि तेही भरदुपारी,” दुसऱ्याने पुस्ती जोडली. आणि मी, ज्याने असल्या हजारो गड्यांच्या नावापुढे रोजच्या रोज हजेरीची खूण केली होती, त्या मीही मान डोलावून पेला पुन्हा तोंडाला लावला. तेवढ्यात भाऊच्या धक्क्यावरून पाटी घेऊन परतणारी एक कोळीण तेथे आली. तिने पाटी उतरवली, उपडा हात गड्याच्या कपाळाला लावला, मग मानेला, मग सदऱ्यात घालून काखेला, आणि आमच्याकडे वळून म्हणाली, “अरं मेल्यांनो, पोर भाजतंय आणि तुमी चाय पिताव?”

त्याचे अंग तव्यासारखे तापले होते आणि घाम आटत आला होता. पाटीच्या तळाशी मासळीखालचा बर्फ शिल्लक होता, तो तिने फडक्यात बांधून त्याच्या दोन्ही काखांत आणि मानेखाली ठेवला. टपरीवरची बादली त्याच्या अंगावर ओतवली. आणि आमच्या हातातली वर्तमानपत्रे वाचण्याखेरीज वारा घालण्याच्याही उपयोगी पडतात हे आम्हांला तिने शिकवले. अर्ध्या तासाने गड्याने डोळे उघडले. मग टॅक्सीतून त्याला एका सार्वजनिक रुग्णालयात नेले. तेथे तयार झालेल्या कागदावर नाव आणि वय यांच्या खाली पहिली नोंद ‘मद्यप्राशन’ अशी होती, तिच्यापुढे एक प्रश्नचिन्ह होते, आणि तापमानाची चौकट कोरी होती. अंगाला येणारा मासळीचा दर्प पाहता लिहिणाऱ्याने त्याला जवळून हुंगलेही नसावे.

चार दिवसांनी तो वखारीवर आला तेव्हा मी त्याला विचारले. आदल्या रात्री त्याने एक क्वार्टर घेतली होती. त्या दिवशी थेंबही घेतला नव्हता. म्हणजे टपरीवरचे निदान निखालस खोटे होते असेही म्हणता येत नाही, आणि या प्रकरणातली मेख नेमकी येथेच आहे.

मद्याचा एक धर्म असा की, मूत्रपिंडांना पाणी राखून ठेवण्याचा हुकूम देणारे जे संप्रेरक मेंदूतून निघते, त्याला ते दाबून टाकते. त्यामुळे रात्री प्यालेला मनुष्य पहाटेपर्यंत शरीरातले पाणी लघवीवाटे गमावून बसतो, त्यात झोप धड लागत नाही, जेवण बहुधा चकण्यावरच भागलेले असते, आणि सकाळी तो कामावर उभा राहतो तो आधीच कोरडा होऊन. घाम हे शरीराचे थंडावण्याचे मुख्य साधन, आणि त्याच्याच भांडवलात अशी खोट आलेली. मुंबईची हवा इतकी दमट की निघालेला घामही सुकत नाही, नुसता निथळतो. आणि न सुकणाऱ्या घामाने अंग निवत नाही. अशा स्थितीत दुपारी शरीराचे तापमान ४० अंशांपलीकडे गेले की मेंदू भांबावतो, पाय लटपटतात, जीभ जड होते, बोलण्यातली संगती सुटते. ही सारी लक्षणे झिंगलेल्या माणसाची हुबेहूब नक्कल असतात. वैद्यकाच्या दृष्टीने त्या क्षणापासून मिनिटे मोजायची असतात; दारूखान्याच्या रस्त्यावर त्या क्षणापासून माणसाकडे पाठ फिरवली जाते. ऊन आणि दारू यांची दोन निरनिराळी खाती सरकारदरबारी असतील. आमच्या रस्त्यावर ती एकाच देहात जमा होतात, आणि एकीच्या बदनामीखाली दुसरे माणूस मारून जाते.

यावर कोणी म्हणेल की सूर्य काही आज उगवू लागला नाही, आणि हमालीचा धंदाही आजचा नाही. खरे आहे. परंतु घड्याळ मात्र बदलले आहे. १९५५ पर्यंत या शहरात ‘मुंबई टाइम’ नावाची स्वतंत्र वेळ चालत असे आणि ती भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे असे. त्या घड्याळात बाराचे टोले पडत तेव्हा सूर्य मुंबईच्या माथ्यावर खरोखरीच आलेला असे. प्रमाणवेळ आली आणि कागदावरची दुपार सूर्याच्या दुपारपासून फारकत घेऊन पुढे निघून गेली. आज मे महिन्याच्या मध्यास सूर्य येथे माथ्यावर येतो तो १२ वाजून ३५ मिनिटांनी. आणि बंदरावरची जेवणाची सुट्टी, निदान माझ्या वहीत होती ती, १ ते २. म्हणजे सूर्य ऐन माथ्यावर असताना गडी फळ्या वाहणार, आणि तो ढळू लागला की जेवायला बसून, हवा सर्वांत तापलेली असताना पुन्हा उठणार. ३७ वर्षे मी ही सुट्टी लिहीत आलो आणि एकदाही माझ्या लक्षात आले नाही.

वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांतून उन्हापासून त्वचेच्या रक्षणाची जी चर्चा चालते ती मी वाचतो. तिच्यात मलमांच्या नळ्यांचे क्रमांक असतात. त्या मलमांशी माझे वैर नाही. पण ज्याची दिवसाची मजुरी त्या नळीच्या किमतीत आटोपेल त्याला ती सुचवणे हा उपरोध झाला, आणि शिवाय मूळ दुखण्यावर तो इलाजही नव्हे. आपल्या सावळ्या कातडीला निसर्गाने दिलेले कवच किरणांपासून पुष्कळ राखते; ते तापापासून राखत नाही, आणि डोळ्यांना तर कवचच नाही. बंदरावर वीसपंचवीस वर्षे काढलेल्या गड्यांच्या डोळ्यांत पाहा: बुबुळाकडे नाकाच्या बाजूने सरकत आलेला वडस कितीतरी जणांना दिसेल, आणि मोतीबिंदूही वेळेआधी पिकलेला आढळेल. जहाजे मोडणाऱ्यांचे काम तर उघड्या किनाऱ्यावर, तापलेल्या पोलादावर उभे राहून, हातात धगधगती ज्योत घेऊन चालते. १९७१ च्या युद्धात नाव काढलेली ‘विक्रांत’ २०१४ साली याच किनाऱ्यावर मोडीत निघाली तेव्हा सारी मुंबई हळहळली. ती कापणाऱ्यांच्या डोळ्यांवर चष्मा होता की नाही हे तेव्हा कोणी विचारल्याचे मला आठवत नाही.

येथून पाऊण तासाच्या पायी अंतरावर परळला १९४१ साली उघडलेले टाटा स्मारक रुग्णालय आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अखत्यारीतील कर्करोग-संशोधन संस्थेने १९८८ साली मद्याला आणि १९९२ साली सूर्यकिरणांना कर्करोगकारकांच्या एकाच, म्हणजे पहिल्या, वर्गात बसवले आहे, हे मी तेथे नात्यातल्या एका रुग्णासोबत बसलो असता तेथल्या एका डॉक्टरांकडून प्रथम ऐकले. मुख, घसा, अन्ननलिका, यकृत, स्तन यांच्याशी मद्याचा संबंध त्यांनी बोटांवर मोजून दाखवला. बाहेर पडताना मनात आले, की एवढ्या प्रतिष्ठित वर्गातली ही दोन्ही पात्रे आमच्या रस्त्यावर फुकट किंवा फुकटासारखी मिळतात. थंड पाणी मात्र विकत घ्यावे लागते.

आता गुत्त्याविषयी. अध्यक्षसाहेब, मी सोवळा मनुष्य नाही, आणि दारू पिणाऱ्याला नीतीचे डोस पाजणारांचा मला कंटाळा आहे. बाटलीवर ती अपायकारक असल्याचे छापतात, आणि जाहिरातदार सभ्यपणे ‘जबाबदारीने प्या’ असे सांगतात. पण जबाबदारी हा शब्द नेहमी पिणाऱ्याच्याच गळ्यात का अडकवावा हे मला कळलेले नाही. हजेरीच्या वहीत सोमवारच्या रकान्यात खाडे अधिक पडत, हे पहिल्याच वर्षी माझ्या ध्यानात आले. त्याचे कारण कळायला आणखी दहा वर्षे लागली. शनिवारी संध्याकाळी मुकादम खर्ची वाटतो. त्याच्या हाती पाचशेच्या नोटा असतात आणि वाटायची असते ती सातशे, बाराशे, साडेनऊशे अशी अडनिडी रक्कम. आणि त्या वेळी एवढे सुटे पैसे असलेला गल्ला आजूबाजूला एकच, गुत्त्याचा. म्हणून खर्ची वाटण्याची जागा गुत्त्याच्या ओट्यापाशी. सुटे द्यायला गुत्तेवाला तयार, बसायला बाकडे तयार, आणि आठवडाभर अंगात मुरलेली उन्हाची काहिली घोटासाठी तयार. येथे दुराचार कोठे सुरू झाला ते मला बोट ठेवून दाखवता येत नाही. सुट्या पैशांच्या अडचणीतून सुरू झाला असे म्हणण्याचे धाडस मी करतो.

हे काही दारूखान्यातच घडले असे नाही. इंग्लंडात मजुरांची मजुरी दारूच्या दुकानांतून वाटण्याची अशीच रीत होती, आणि ती पार्लमेंटाने १८८३ साली कायदा करून बंद केली. त्यानंतर दोनच वर्षांनी लॉर्ड रे मुंबईचे गव्हर्नर होऊन आले. त्यांच्या नावाचा रस्ता आम्हांला मिळाला, १९१० साली त्या रस्त्यावर त्यांच्या नावाचे दगडी स्थानकही मिळाले. तो कायदा मात्र बोटीतून उतरायचा राहिला. गिरणगावात पगाराच्या दिवशी गिरणीच्या दरवाजाबाहेर उभ्या राहणाऱ्या बाया तोच कायदा स्वतःच्या देहाने अमलात आणीत. आमच्या गड्यांच्या बाया उत्तर प्रदेशात, बिहारात किंवा मराठवाड्यात. त्या कोणत्या दरवाजाशी उभ्या राहणार?

दारूबंदीच्या इतिहासात मी आपल्याला फार अडकवत नाही. १९३९ च्या १ ऑगस्टला खेर मंत्रिमंडळाने, डॉ. गिल्डर यांच्या पुढाकाराने, या शहरात बंदी पुकारली. १९४९ चा कायदा आला. पुढे तो सैल झाला, पण पुस्तकातून गेला नाही, आणि आजही कायद्याने पिणाऱ्यापाशी परवाना असावा लागतो, जो आमच्या गुत्त्यात कोणी कधी पाहिलेला नाही. बंदीच्या काळात आमच्या चाळींतून आंट्यांचे अड्डे चालले, हे त्या पिढीतले सगळे हसतहसत सांगतात. चोरट्या दारूचे दुसरे टोक मात्र हसण्यासारखे नाही. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसे दगावली. तीत मिथेनॉल होते. पिणाऱ्याला ते वेगळे लागत नाही. कित्येक तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, डोळ्यांपुढे धुके येते, पोटात कळा येतात, श्वास जोरजोराने चालू लागतो, आणि तोवर सगळे त्याला कालची उतरलेली नाही असेच समजतात. पुन्हा तेच निदान, पुन्हा तोच विलंब. डोळ्यांपुढे धुके आल्याबरोबर रुग्णालय गाठले तर उतारा आहे, एवढे एक वाक्य प्रत्येक बंदराच्या फाटकावर मराठीत आणि हिंदीत रंगवून लावायला कितीसा खर्च येईल?

बंदी आणा असे मी म्हणत नाही, हे आतापर्यंत आपल्या ध्यानात आले असेल. आपल्या हाती एक साधे हत्यार आहे, ते म्हणजे भाडेपट्ट्याचा दस्तऐवज. त्याच्यात जकात, घसारा, आग, अतिक्रमण यांविषयी कलमांमागून कलमे असतात. मी टंकलेखन करीत असताना ती मला पाठ झाली होती. त्यात आणखी एक कलम असावे: आपल्या जमिनीवर उघड्यावर काम करवून घेणाऱ्याने मार्च ते जून आणि ऑक्टोबर महिन्यात १२ ते ३ अंगमेहनतीचे काम तहकूब ठेवावे, त्याबदली सकाळी सहाला सुरू करावे; सावलीसाठी ताडपत्रीचा का होईना पण मांडव घालावा; पिण्याचे पाणी आणि बर्फ ठेवावा; आणि मजुरी कामाच्याच जागी, उजेडी, मजुराच्या स्वतःच्या हाती किंवा खात्यात द्यावी, सुट्या पैशांची तजवीज मालकाने करावी. धंदा बुडेल अशी ओरड होईल. रत्नागिरीची कितीतरी मुले दुबईत इमारतींवर काम करतात; तेथे १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हातले काम कायद्याने बंद असते, आणि दुबईचे बांधकाम थांबल्याचे वर्तमान अद्याप माझ्या कानी आलेले नाही.

पाण्याचे सांगतो म्हणून हसू नये. २००३ च्या सुमारास बंदर कामगारांच्या संघटनेने जहाजतोडणीच्या मजुरांत काम सुरू केले ते पिण्याच्या पाण्यापासून आणि प्रथमोपचारापासून. मोठमोठ्या मागण्यांची यादी त्यांच्यापाशी असणारच. पण तहानलेल्या माणसाला सभासद होण्याआधी पाणी लागते, हे त्यांनी ओळखले. आपल्या नोकरांसाठी आपण वडाळ्यास रुग्णालय चालवता. त्यातला एक कंपाउंडर, एक थर्मामीटर आणि बर्फाची एक पेटी उन्हाळ्याचे चार महिने दारूखान्याच्या नाक्यावर बसवा. त्याने करायचे ते एवढेच, की पडलेल्या माणसाच्या तोंडाचा वास घेण्याआधी त्याचा ताप मोजायचा. आणि ताप नसून खरोखरच दारूच निघाली, तर त्यालाही हाकलायचे कारण नाही. पुण्यात १९८६ पासून ‘मुक्तांगण’ चालते, या शहरात अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभा भरतात. त्यांना संध्याकाळी बसायला एखादे रिकामे गोदाम द्या. आपल्याकडे रिकामी गोदामे किती आहेत हे मी आपल्याला सांगणे बरे दिसत नाही.

१६ एप्रिल २०२३ रोजी खाडीपलीकडे खारघरला मोठा समारंभ झाला. उघड्या मैदानात बसलेल्यांपैकी १४ जण उन्हाने गेले. ते श्रद्धाळू, निर्व्यसनी लोक होते, म्हणून त्यांच्या मृत्यूला ऊनच कारण झाले हे कबूल करायला कोणाला वेळ लागला नाही. आमच्या रस्त्यावर जे जातात त्यांच्या नावापुढे काय लिहिले जात असेल, याचा विचार मी ते वर्तमान वाचताना केला नव्हता. तो कोळिणीने मला पुढे करायला लावला.

मे महिन्याच्या १५ तारखेच्या आसपास मुंबईत शून्य सावलीचा दिवस असतो. त्या दिवशी १२ वाजून ३५ मिनिटांनी खांबाला, भिंतीला, उभ्या माणसाला सावली राहत नाही. बंदरावर ती उरते ती हातगाड्यांच्या खाली, आणि प्रत्येक गाडीखाली दोघे दोघे अंग आखडून निजलेले दिसतात. वेळ काढून आपण पाहायला यावे. मी कोळसा बंदराच्या फाटकाशी सव्वाबारापासून उभा असेन. गाडी आत येत नाही, थोडे चालावे लागेल; येताना डोक्याला काहीतरी घेऊन यावे.



आपला नम्र,
लाकडी बंदरावरचा एक निवृत्त हजेरी-कारकून